पसरणीचा घाट आणि उताणी सायकल

घाट हा शब्द संस्कृत 'घट्ट' या शब्दापासून मराठींत आला. नदीच्या पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या त्याही घाट, आणि डोंगराच्या माथ्यापर्यंत चढणारी वाट तीही घाट. आमच्या वाई गांवाच्या वाट्यास दोन्ही प्रकारचे घाट आले आहेत. एक कृष्णाबाईच्या कांठीं, ढोल्या गणपतीच्या देवळापाशीं. दुसरा पश्चिमेस पांचगणीकडे चढत जाणारा, पसरणीचा. पहिल्या घाटावर वाईकराचें बालपण जातें. दुसऱ्या घाटानें तो सहसा मोटारींत बसून, निम्मा वेळ डोळे मिटून जातो. आम्हीं हा दुसरा घाट सन २०२४ च्या मार्गशीर्षांत सायकलीवर बसून, किंबहुना सायकलीवर पहुडून, चढून पाहिला. त्या वाटेचें आणि त्या वाहनाचें वर्णन, तसेंच तें वाहन चढावर कसें चालवावें याविषयीं आम्हांस समजलेल्या चार गोष्टी, वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

'पहुडून' हा शब्द वाचून कोणी हंसतील, म्हणून प्रथम वाहनाची ओळख करून देतों. इंग्रजींत या सायकलीस 'रिकम्बंट' म्हणतात. मराठींत तिला रूढ असें नांव नाहीं. आमच्या आळींतील मुलांनीं पहिल्याच दिवशीं तिचें नांव 'उताणी सायकल' असें ठेवलें, आणि व्याकरणदृष्ट्या तें निर्दोष असल्यामुळें आम्हींही तेंच स्वीकारलें. हिला खोगिरासारखी अरुंद बैठक नसते. आरामखुर्चीसारखी, पाठीला आधार देणारी बैठक असते. चालविणारा मागें रेलून बसतो, आणि पाय खालीं न सोडतां समोर लांब करून पेडलें फिरवितो. आमच्या सायकलीचीं पेडलें तर पुढच्या चाकाच्याही पुढें आहेत. शेषशायी विष्णूच्या चित्रांत पायांशीं लक्ष्मी असते; येथें पायांशीं पेडलें असतात, एवढाच फरक.

हें वाहन आमच्याकडे येण्याचें कारण हौस नव्हे. छत्तीस वर्षें आम्ही साध्या सायकलीनें शाळेंत गेलों आणि आलों. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षीं कंबरेच्या मणक्यांनीं असहकार पुकारला, आणि पुढें वाकून सायकल चालविणें डॉक्टरांनीं बंद केलें. घरांतील सर्वांनीं याचा अर्थ 'सायकल बंद' असाच घेतला. परंतु पुण्यास नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्यानें डॉक्टरांचे शब्द नीट ऐकले होते. 'वाकून' बंद, रेलून नव्हे. डॉक्टरांस पुन्हा विचारून त्यानें कोणाची तरी थोडी वापरलेली उताणी सायकल आणून अंगणांत उभी केली. थोरल्या वहिनींनीं ती पाहिली आणि म्हणाल्या, "भाऊजी, या वयांत भररस्त्यांतून उताणें पडून जायचें का?" प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर म्हणून आम्हीं तीन अटी मान्य केल्या : सायकलीच्या मागें उंच काठीवर भगवी झेंडी लावावयाची, पुतण्यानें आपल्या साध्या सायकलीवर मागें राहावयाचें, आणि जेथें जेथें थांबूं तेथून घरीं दूरध्वनि करावयाचा.

या सायकलीचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. फ्रान्समध्यें शार्ल मोशे नांवाच्या कारागिरानें अशी सायकल बनविली, आणि ७ जुलै १९३३ रोजीं पॅरिस येथें फ्रान्सिस फोर या स्वारानें तिच्यावरून एका तासांत ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडलें. त्यापूर्वींचा ऑस्कर एग याचा ४४.२४७ किलोमीटरांचा विक्रम १९१४ सालापासून अबाधित होता. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९३४ सालीं, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनें सायकलीची व्याख्याच अशी केली कीं, उताणी सायकल नेहमींच्या शर्यतींतून बाहेर पडली. ज्याला हरवितां येत नाहीं त्याला व्याख्येबाहेर काढावें, ही युक्ति आमच्या शास्त्रीमंडळींसही अपरिचित नाहीं. पण हा पराक्रम सपाटीवरचा होता, हें विसरूं नये. पहुडलेल्या माणसाला वारा कमी अडवितो, म्हणून सपाटीवर ती वेगानें धांवते. चढावर वेगच इतका मंद होतो कीं वाऱ्याचा प्रश्न उरत नाहीं, आणि साध्या सायकलीहून हिचें वजन मात्र पुष्कळदां अधिक असतें. म्हणून उताण्या सायकलीनें सपाटीवर मिळविलेली कीर्ति घाटांत लयास जाते, असें पुष्कळांचें मत आहे. तें पूर्णपणें खोटें नाहीं. पण त्याचें मुख्य कारण सायकलींत नसून नवशिक्याच्या जुन्या संवयींत आहे, असें आम्हांस अनुभवान्तीं वाटतें.

साध्या सायकलीवर चढ लागला कीं माणूस बैठकीवरून उठतो आणि सर्व शरीराचा भार पेडलावर टाकतो. येथें उठतां येत नाहीं. शरीराचा भार बैठकीवर विसावलेला असतो. त्यांतला गुंजभरही पेडलाला मिळत नाहीं. मग नवशिका काय करतो? भिंतीला पाठ टेकून पायांनीं जड कपाट ढकलावें, तसा तो पाठ बैठकीला रेटून पेडल ढकलूं लागतो. असा रेटा फार मोठा उत्पन्न होतो आणि तोच घात करतो. कारण त्याची सर्व किंमत गुडघे देतात.

यावर उपाय म्हणजे हलका गिअर आणि चपळ पाय. हिशेब करून दाखवितों. आमच्या सायकलीच्या पुढच्या सर्वांत लहान चक्राला २२ दांते आहेत, मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला ३४, आणि मागचें चाक २६ इंची आहे. या गिअरांत पेडलांचा एक पूर्ण फेरा झाला म्हणजे सायकल सुमारें १.३४ मीटर पुढें जाते. मिनिटाला ७५ फेरे केले तर शंभर मीटर, आणि तासाला ६ किलोमीटर. आतां याच वेगानें पण ३२ आणि १७ दांत्यांच्या गिअरांत जावयाचें म्हटलें, तर मिनिटाला अवघे २६ फेरे पुरतात. मात्र प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जवळजवळ तिप्पट जोर पडतो. काम तितकेंच. एकांत तें श्वासाच्या खात्यावर पडतें, दुसऱ्यांत सांध्यांच्या. श्वास पांच मिनिटांत परत मिळतो. साठीनंतर सांधा मिळत नाहीं. शिवाय गिअर चढ लागण्यापूर्वीं उतरवावा. चेनवर जोर असतांना तो बदलूं गेल्यास चेन कुरकुरते, कधीं निसटते, आणि तेवढ्यांत सायकल थांबते.

हें सर्व कागदावर सोपें आहे. अडचण अशी कीं, तासाला पांचसहा किलोमीटरांच्या गतीनें दोन चाकांवर तोल सांभाळणें कठीण असतें, आणि उताण्या सायकलीवर अंग इकडेतिकडे टाकून तो सावरतां येत नाहीं. म्हणून घाटांत जाण्यापूर्वीं आम्हीं सहा आठवडे सपाट पटांगणावर सर्वांत हलका गिअर घालून अगदीं सावकाश चालविण्याचा अभ्यास केला. चुन्याची एक सरळ रेघ आंखून तिच्यावरून जावयाचें. पहिल्या आठवड्यांत आमची वाट सर्पाकृति होत असे. त्याचें कारण हात. पाय जोर करूं लागले कीं हातही नकळत हँडल आवळतात, आणि प्रत्येक पेडलाबरोबर पुढचें चाक डावींउजवीकडे डोलतें. हँडल पांखरू धरावें तसें धरावयाचें. खांदे सैल, मान सैल, जबडासुद्धां सैल. शवासन केलेल्या माणसास हें लवकर समजेल, फक्त कंबरेखालीं शवासन नाहीं एवढें ध्यानांत ठेवावें. दृष्टि पुढच्या चाकावर न ठेवतां वीसपंचवीस पावलें पुढें ठेवावी. पेडल नुसतें ढकलूं नये. गोल फिरवावें, म्हणजे एक पाय थांबून दुसरा सुरू होतो अशी धक्क्याची जागा राहत नाहीं. या सायकलीवर मांड्यांच्या मागचे आणि पुठ्ठ्याचे स्नायु निराळ्या तऱ्हेनें राबतात, त्यांनाही हे आठवडे लागतातच. उत्तम साधी सायकल चालविणाराही पहिले कांहीं दिवस येथें मंद पडतो, त्यानें निराश होऊं नये.

बैठकीचें अंतरही आधींच जुळवावें. पेडल सर्वांत दूर असतांना गुडघा किंचित वांकलेला राहिला पाहिजे. फार जवळ असेल तर गुडघा दुखतो, फार दूर असेल तर टांच ताणते. पाय पेडलावरून निसटून खालीं रस्त्यास लागूं देऊं नये, हें तर फारच महत्त्वाचें. चालती सायकल पायावरून पुढें जाते आणि घोटा मुरगळतो. म्हणून पेडलांस पट्टे असावेत, पण ते झट्दिशीं सोडवितां आले पाहिजेत.

आतां वाटेकडे वळूं. वाई समुद्रसपाटीपासून सुमारें ७१८ मीटर उंच, पांचगणी सुमारें १,२९३. म्हणजे पावणेसहाशें मीटरांची चढण, आणि ती बारा किलोमीटरांच्या आसपास रस्त्यांत वांटलेली. शंभर पावलांस पांच पावलें वर, असा हा सरासरी चढ आहे. घाट म्हणून तो सभ्य आहे. नवशिक्यास आम्ही हाच घाट सुचवूं. मात्र शनिवार-रविवार आणि नाताळचे दिवस सोडावेत, कारण महाबळेश्वरास जाणाऱ्या मोटारींची रांग त्या दिवशीं संपत नाहीं; आणि पावसाळ्यांत तर जाऊंच नये, वरून दगड येतात.

मंगळवारीं पहाटे, उजाडण्याच्या सुमारास, गणपतीला बाहेरूनच हात जोडून निघालों. कृष्णेवर धुकें होतें. प्राज्ञपाठशाळेच्या आणि विश्वकोशाच्या या गांवांत त्या वेळीं दूधवाल्याखेरीज कोणी विद्वान जागा दिसला नाहीं. पहिले कांहीं किलोमीटर रस्ता जवळजवळ सपाट. शेतांतून ऊंस आणि हळद. पसरणी गांव येतें तेथें चढ आपली ओळख देतो. शाहीर साबळे यांचा जन्म १९२३ सालीं याच गांवीं झाला. पसरणी मागें पडतांच आम्हीं सर्वांत हलका गिअर घातला आणि मिनिटाच्या कांट्यावर फेरे मोजूं लागलों. साध्या सायकलीवरचा पुतण्या एवढ्या सावकाश गतीस कंटाळून उगाच उभा राहून पेडलें मारीत होता. पहांटेस निघण्याचा एक लाभ येथें कळला. पश्चिमेकडे तोंड करून चढतांना सूर्य बहुतांशीं पाठीशीं राहतो. संध्याकाळीं निघालों असतों तर आकाशाकडे तोंड करून पहुडलेल्या माणसाच्या तो डोळ्यांतच शिरला असता.

घाटाचीं वळणें बदलतात तशी दरी कधीं या हातास येते, कधीं त्या. मोटारींतून हा प्रदेश आम्हीं शेंकडों वेळां पाहिला असेल. पण साध्या सायकलीवरचा चढणारा माणूस रस्ता पाहतो, आणि मोटारींतला माणूस पुढच्या मोटारीचा पार्श्वभाग पाहतो. उताण्या सायकलीवर मान आपोआप वर असते. समोर डोंगराचा कडा, त्यावर आकाश, आणि बाजूला खालीं उलगडत जाणारें कृष्णेचें खोरें. पांडवगड प्रथम माथ्याएवढाच दिसतो, मग खांदे दिसतात, मग सबंध डोंगर पाटावर ठेवल्यासारखा समोर येतो. धोम धरणाचें पाणी अर्ध्या चढावरून दिसूं लागलें तेव्हां सकाळचें ऊन त्यावर नुकतेंच आलें होतें. वानरांनीं आमच्याकडे जें पाहिलें त्यांत कुतूहलापेक्षां तुच्छता अधिक होती.

एका वळणावर खरा प्रसंग आला. वरून सहलीची बस, खालून आमच्या मागें भरलेला टेंपो. पुतण्या ओरडला, "काका, थांबा!" आम्ही थांबलों. थांबणें सोपें. पण वळणाच्या आंतल्या कडेस रस्ता बाहेरच्या कडेपेक्षां फार खडा असतो, आणि आम्ही नेमके तेथें, डाव्या कडेस, होतों. बस गेली. आम्हीं पेडल मारलें. दुसरा पाय पेडलावर पोंचण्यापूर्वींच सायकल कलली आणि पाय पुन्हा जमिनीस लागला. पुन्हा तेंच. पुतण्या म्हणाला, मागून ढकलतों. पण मागून ढकललेली सायकल तोल अधिकच घालविते, म्हणून त्यास नको म्हटलें. इतक्यांत टेंपोवाला डोकें बाहेर काढून मोठ्या प्रेमानें म्हणाला, "काका, टाकूं का सायकल मागें? पांचगणीलाच चाललोय."

त्या माणसाच्या बोलण्यांत यत्किंचितही उपहास नव्हता, आणि म्हणूनच मोह मोठा होता. श्वास लागलेला, कंबरेकडे सगळें लक्ष, आणि घरीं दूरध्वनीची वाट पाहणाऱ्या वहिनी. पण त्या सकाळीं सायकल टेंपोंत चढली असती तर संध्याकाळीं ती माडीवर गेली असती, आणि तिच्या मागोमाग आमचें उंबऱ्याबाहेर पडणेंही मंदिर आणि मंडई एवढ्यावरच आलें असतें, हें आम्हांस त्या क्षणीं स्वच्छ दिसलें. आम्हीं त्याचे आभार मानले आणि त्यास पुढें जाऊं दिलें.

नंतर सायकल हातांत धरून पन्नाससाठ पावलें चाललों, चढ जरा सौम्य होतो आणि कडेला रुंद जागा आहे तेथपर्यंत. घाटांत चालण्यांत कमीपणा मानणारे लोक शर्यतीच्या पोषाखांत असतात. त्यांचें त्यांस लखलाभ असो. तेथें पुन्हा बसलों. चढावर निघण्याची रीत अशी : गिअर हलकाच असावा. दोन्ही ब्रेक घट्ट दाबून ठेवावे. जो पाय अधिक बळकट त्याचें पेडल आपल्याकडे आलेलें, किंचित वर असावें, म्हणजे त्याला ढकलण्यास पुरा पल्ला मिळतो. आरशांत मागें पाहावें. पहुडलेल्या माणसास मान वळवून पाहतां येत नाहीं, म्हणून आरसा हा या सायकलीवर अलंकार नव्हे, अवयव आहे. रस्ता मोकळा दिसला कीं ब्रेक सोडणें आणि पेडल ढकलणें एकाच क्षणीं व्हावें, आणि जमिनीवरचा पाय ताबडतोब वर यावा. पाय पेडलाला शोधीत बसला कीं संपलें. पहिले तीन फेरे जोरकस, मग लगेच गोल आणि सैल. रस्ता खरोखरच निर्मनुष्य असेल तर पहिलीं चार हातभर तिरपें जावें, म्हणजे चढ तेवढा कमी होतो. पण वाहनें असतील तर हा प्रयोग करूं नये. आम्ही निघालों, तें वरच्या देवळापर्यंत थांबलों नाहीं. पुढचीं डावीं वळणें, मागून कोणी नाहीं असें आरशांत पाहून, थोडीं बाहेरून घेतलीं.

ज्यांस दोन चाकांवरचा हा तोल नकोच असेल त्यांच्यासाठीं याच जातीची तीनचाकी असते. तिला तोल सांभाळावा लागत नाहीं. गोगलगाईच्या गतीनें चढावी, दमल्यास ब्रेक अडकवून तिच्यावरच बसून पाणी प्यावें, पाय खालीं टेकण्याची गरज नाहीं. वृद्धांस आणि ज्यांस चक्कर येते त्यांस आम्ही तीच सुचवूं. ती रुंद आणि आणखी बुटकी असते, तेव्हां झेंडी आणि दिवा यांवांचून तिनें रस्त्यावर येऊं नये. ही माहिती घरीं सांगितली तेव्हां वहिनींनीं तिची किंमत विचारली. कोणासाठीं, तें सांगितलें नाहीं.

पांचगणींत पोंचलों तेव्हां घड्याळांत पावणेदहा झाले होते. थांबे धरून तीन तास. सिल्व्हर ओकच्या रांगा, शाळांचे घंटानाद, आणि माथ्यावर जांभ्या दगडाचें तें सपाट पठार. ज्या पठाराला लोक घोड्यावर बसून फेरी मारतात, तेथें आम्ही गेलों नाहीं. एका चहाच्या टपरीवर बसून दोन कप चहा घेतला आणि घरीं दूरध्वनि केला. वहिनींनीं प्रथम विचारलें, "कंबर?" कंबर ठीक होती. मांड्यांच्या मागच्या बाजूस मात्र काठीनें बडविल्यासारखें वाटत होतें, तें सांगितलें नाहीं.

उतरतांना दोन गोष्टी पाळल्या. आमच्या सायकलीचे ब्रेक चाकाच्या कडेस दाबणारे आहेत. लांब उतारावर ते सतत धरले तर कड तापून टायरास धोका होतो. म्हणून वळणापूर्वीं दाबावे, सरळ रस्त्यावर सोडावे, आणि मध्यें एकदां थांबून चाक हातानें चांचपून पाहावें. दुसरें, उताणी सायकल उतारावर फार लवकर वेग घेते, आणि पाठ टेकलेली असल्यामुळें त्या वेगाची भीति वाटत नाहीं. भीति वाटत नाहीं म्हणूनच तो आवरावा. आम्ही दोनदां थांबलों. खालीं पसरणीच्या शेतांत बायका हळदींतलें तण काढीत होत्या, त्यांतली एक उभी राहून दुसरीला म्हणाली, "अगं बघ, मास्तर निजून चाललेत." गांव ओलांडून रस्ता सपाट झाला तेथें आम्हीं गिअर चढविला, आणि पुतण्यास म्हटलें, आतां तूं पुढें हो.